पटावरचा आठवडे बाजार

विकणारा आहे, घेणाराही आहे, आणि तरीही सौदा होत नाही, हा अनुभव व्यापारी घराण्यांना नवा नाही. माल घेऊन आलेला शेतकरी सकाळी वाट पाहून परततो आणि त्याच मालाचा खरीददार दुपारी पेढीवर येऊन रिकाम्या हाताने जातो. दोघांची गरज खरी असते, दामही दोघांना परवडणारा असतो. परंतु दोघे एका वेळी एका ठिकाणी नसतात. आपल्या पूर्वजांनी आठवड्याचा बाजार ठरवला तो याच अडचणीवरचा तोडगा म्हणून. मोबाइल आणि संगणकावर बुद्धिबळ खेळू पाहणाऱ्या अनेक ज्येष्ठांना आज हीच अडचण भेडसावते, आणि तिचा उलगडाही त्याच जुन्या व्यवहारज्ञानात सापडतो. सांगलीच्या एका घरातील अनुभव या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे.

सांगली हे हळदीच्या बाजाराचे गाव. तितकेच ते बुद्धिबळाचेही गाव आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने येथे जी परंपरा उभी केली, तिच्या छायेत कित्येक पिढ्या पटावर बसल्या. १९८७ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे या सांगलीच्याच. अशा गावात दुकानाच्या गादीवर रोजमेळाच्या वहीशेजारी बुद्धिबळाचा पट असणे हे काही नवलाचे नव्हे. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत पेढीवर चाळीस वर्षे बसलेले अण्णा त्याच परंपरेतले. सौदे आटोपले, दिवाणजींनी वही मिटली, की शेजारच्या सरकी-पेंडीच्या दुकानातील त्यांचे स्नेही येत आणि दिवेलागणीपर्यंत एक डाव होई. डाव एकच, पण सावकाश. घाईने चाल करणे म्हणजे मालाला हात न लावता भाव बोलणे, असे अण्णांचे मत होते.

तीन वर्षांपूर्वी स्नेह्यांच्या मुलाने बेंगळुरूला घर घेतले आणि आई-वडिलांना तिकडे नेले. त्याच सुमारास अण्णांनीही पेढी मुलाच्या हाती सोपवली. दिवसाचे दोन्ही खांब एकाच वर्षी निघाले. संध्याकाळी साडेपाचला अण्णा सवयीने पट मांडत, पांढऱ्यांची चाल करत, मग पट फिरवून काळ्यांची चाल करत. घरातल्यांनी हे पाहिले, पण त्यावर काय बोलावे हे कोणालाच सुचेना.

तोडगा काढला तो सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या नातीने. तिने टॅबलेटवर लीचेस उघडून दिले. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच संगणक-अभियंत्याने २०१० साली सुरू केलेले हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. त्यावर जाहिराती नाहीत आणि त्याचा खर्च देणग्यांवर चालतो. व्यवहारात मुरलेल्या अण्णांना ही गोष्ट प्रथम खरीच वाटली नाही. परंतु खाते उघडले गेले, मानांकनाच्या जागी १५०० हा आरंभीचा आकडा आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह उमटले, आणि अण्णा प्रतिस्पर्ध्याची वाट पाहू लागले.

त्यांनी मागणी नोंदवली ती आपल्या सवयीप्रमाणे: प्रत्येकी ३० मिनिटे, दर चालीला वर २० सेकंद, प्रतिस्पर्धी मानांकनाने आपल्यापेक्षा शंभर गुणांहून अधिक वर वा खाली नसावा, वेळ रात्री साडेआठची, जेवण-आवराआवर झाल्यानंतरची. पडद्यावरील चक्र फिरत राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात हजारो खेळाडू उपस्थित असल्याचा आकडा झळकत होता. चार-पाच दिवस असेच गेल्यावर अण्णांनी टॅबलेट बाजूला ठेवला. ‘‘जत्रेत माणूस मावत नाही, आणि आपल्या पाटावर कोणी बसत नाही. म्हाताऱ्याशी खेळायला कोणाला वेळ आहे?’’ एवढेच ते म्हणाले. वस्तुतः समोर कोणालाही त्यांचे वय दिसत नव्हते. पण पेढी सोडलेल्या माणसाला नकार सर्वत्र दिसू लागतो, आणि नुसते फिरणारे चक्रही नकारासारखे वाटते. या प्रसंगाचे गांभीर्य यातच होते. प्रश्न एका खेळाचा राहिला नव्हता. आपली आता कोणाला गरज उरली आहे की नाही, असा प्रश्न त्यांच्या मनात घर करू लागला होता.

नातीने त्यांची समजूत घातली नाही. तिने हिशेब मांडला. ‘‘अण्णा, समजा आत्ता हजार माणसं तयार आहेत. वीसातला एकच जण तुमच्यासारखा लांब डाव मागतो. राहिले पन्नास. त्यांतले तुमच्या शंभर गुणांच्या आतले पाचात एक धरा. राहिले दहा. त्या दहांतले नऊ आधीच कोणाशी तरी खेळतायत. रिकामा किती? एक. तोही तुम्ही बसता त्याच मिनिटाला बसला पाहिजे.’’ आकडे अंदाजाचे होते, पण रीत बिनचूक होती. अटी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात. प्रत्येक अट स्वतंत्रपणे वाजवी असते. चार वाजवी अटी एकत्र आल्या की हजारांचा बाजार एका माणसावर येऊन ठेपतो. अण्णांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘मग कुठली अट सोडायची?’’

पहिली अट मानांकनाची. बुद्धिबळातील मानांकनाची प्रचलित रीत ही मूळ हंगेरीचे आणि पुढे अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या अर्पाद एलो यांची देणगी असून जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली ती स्वीकारली. तिचा अर्थ साधा आहे. दोघांत १०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. २०० गुणांचे अंतर असेल तर सुमारे ७६. म्हणजे दोनशे गुणांनी सरस असलेल्या खेळाडूशी गाठ पडली, तरी चारांत एका डावाइतके यश दुबळ्याच्या वाट्यास यावे, असे हे गणितच सांगते. अण्णांना शंभराची मर्यादा हवी होती ती हरण्याच्या संकोचापोटी. ती त्यांनी तीनशेपर्यंत वाढवली. ‘‘मोठ्या व्यापाऱ्याशी सौदा केल्याशिवाय बाजार कळत नाही,’’ असे स्वतःलाच समजावत त्यांनी हा निर्णय घेतला.

त्या प्रश्नचिन्हाचीही एक गोष्ट आहे. लीचेसवर मानांकनाची जी पद्धत आहे ती एलोंच्या कल्पनेची सुधारित आवृत्ती असून तिला ग्लिको-२ म्हणतात. खेळाडूच्या कौशल्याचा अंदाज कितपत भरवशाचा आहे, याचीही ती नोंद ठेवते. पुरेसे डाव झालेले नसतील तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह राहते. बाजारात नव्याने आलेल्या माणसाची पत जशी अजून ठरायची असते, तशीच ही स्थिती. अनोळखी पेढीशी पहिला व्यवहार करताना कोणीही जरा बिचकतोच. पत ठरण्याचा मार्ग एकच: लहान व्यवहार भराभर पार पाडणे. अण्णांनी पहिल्या आठवड्यांत मिळेल त्याच्याशी डाव खेळून ते चिन्ह पुसून टाकले.

दुसरी अट वेळेच्या प्रमाणाची. तीन आणि पाच मिनिटांच्या डावांना खेळाडू क्षणात मिळतात. परंतु तो खेळ अण्णांना मान्य नव्हता आणि तेथे त्यांनी तडजोड केली नाही. मधला मार्ग मात्र होता. प्रत्येकी १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंद, अशा डावांना मागणी बरीच असते. हिशेब केला तर चाळीस चालींच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटे आणि वर ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २२ मिनिटे येतात. गादीवरचा त्यांचा जुना डाव तासभर चालत असे हे खरे. पण त्या तासात चहा, विचारपूस आणि भावाच्या गप्पाही असत, हेही त्यांना आठवले. निव्वळ विचाराला लागणारा वेळ फारसा कमी होत नव्हता. नातीने पुन्हा कागद काढला: पंधरा मिनिटांचा डाव मागणारे हजारांत दोनशे धरले, तीनशे गुणांच्या कक्षेत त्यांतले निम्मे धरले, आणि त्यांतलाही दहांतला एकच रिकामा धरला, तरी समोर एकाऐवजी दहा जण उभे राहत होते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सांगलीत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा पॅरिसमध्ये हिवाळ्यात दुपारचे चार वाजलेले असतात. लोक कामावर असतात. तेथील रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड. हे उमगल्यावर अण्णा काही रात्री जागले. डाव मिळाले, भरपूर मिळाले. परंतु आठवडाभरात डोळे तांबारले, सकाळचे फिरणे सुटले आणि सूनबाईंनी सौम्य पण स्पष्ट शब्दांत विचारले, ‘‘अण्णा, दुकान रात्रपाळीला कधी लावलंत?’’ तेव्हा नातीने घड्याळ दुसऱ्या बाजूने मोजून पाहिले. अण्णा पाचला उठणारे. आपल्या पहाटेच्या साडेपाचला न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, हिवाळ्यात सातची आणि उन्हाळ्यात आठची. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. एक सबंध खंड जेवण उरकून निवांत बसलेला असतो. झोप न मोडता, केवळ बैठकीची वेळ बदलून, अण्णांना रोज एक डाव मिळू लागला. प्रतिस्पर्ध्यांच्या नावाशेजारी कधी अर्जेंटिनाचा झेंडा दिसे, कधी कॅनडाचा. ‘‘आज पेरूच्या माणसाने उंट खाल्ला,’’ असे ते नाश्त्याला सांगत.

येथपर्यंतचे सारे उपाय बाजारात आपण कोठे उभे राहावे याचे होते. पण अण्णांच्या मनातील जुना, सावकाश डाव अजून मागेच राहिला होता. त्यासाठी बाजारच नव्याने भरवणे आवश्यक होते.

विरळ मागणीच्या वस्तूचा व्यवहार कसा जमवावा, याचा अभ्यास अर्थशास्त्रातही झालेला आहे. २०१२ साली लॉइड शॅपली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळवणारे आल्विन रॉथ यांनी चांगल्या बाजाराची तीन लक्षणे सांगितली आहेत: एका वेळी पुरेशी माणसे एकत्र यावीत, त्या गर्दीची कोंडी होऊ नये, आणि व्यवहार करणाऱ्याला निर्धास्त वाटावे. मूत्रपिंडदाता आणि रुग्ण यांच्या जोड्या जुळवणाऱ्या व्यवस्था उभारण्यातही रॉथ यांचा वाटा आहे. जोडी जुळवणे हे ज्ञान किती गंभीर कामी येते, हे यावरून ध्यानात यावे. लीचेसवरील दीर्घ डावांच्या चाहत्यांनी याच वाटेने ‘लीचेस ४५४५’ नावाची साखळी स्पर्धा स्वयंसेवकांच्या बळावर उभी केली. नावातच नियम आहे: प्रत्येकी ४५ मिनिटे, दर चालीला ४५ सेकंद. येथे प्रतिस्पर्धी आयत्या वेळी शोधायचा नसतो. आठवड्याला एक डाव ठरवून दिला जातो आणि दोघांनी निरोपांतून वेळ पक्की करायची असते.

अण्णांनी हे ऐकले आणि प्रथमच त्यांचा चेहरा पेढीवरच्यासारखा उजळला. ‘‘म्हणजे आठवड्याचा बाजारच की! एरवी रस्त्यावर पाल टाकून बसला तर गिऱ्हाईक येत नाही, बाजारच्या दिवशी बसला तर बोलवावं लागत नाही.’’ त्यांनी आपल्या जुन्या वहीतून नावे काढली. कोणी पुण्याला मुलाकडे, कोणी इचलकरंजीत, कोणी कोल्हापुरात. सगळे कधीकाळी पटावर बसलेले. नातीने त्यांचा एक गट तयार केला आणि वेळ ठरली: दर रविवारी सायंकाळी पाच, अर्ध्या तासाचा सावकाश डाव.

पहिल्या रविवारी तिघे आले, दुसऱ्या रविवारी दोघे. तिसऱ्या रविवारी पाचला अण्णा एकटेच होते. मुलगा म्हणाला, ‘‘आज राहू द्या.’’ अण्णा उठले नाहीत. नवे दुकान काढले की पहिले काही महिने गिऱ्हाईक नसतानाही फळी उघडी ठेवावी लागते. एकदा दार बंद दिसले की येणारा दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यांनी चाळीस वर्षे पाहिले होते. पाऊण तासाने इचलकरंजीचे एक सूतव्यापारी उगवले. लग्नाहून येत असल्याने उशीर झाला होता. अण्णा तेथे नसते तर त्या गृहस्थांनी पुन्हा टॅबलेट उघडला नसता, आणि तो गटही तेथेच संपला असता.

हळूहळू संख्या वाढली. बारा जण झाल्यावर त्यांनी स्विस पद्धतीने फेऱ्या घेण्यास आरंभ केला. १८९५ साली झ्युरिक येथे प्रथम वापरल्या गेलेल्या या पद्धतीत हरलेला बाहेर पडत नाही; प्रत्येक फेरीत त्याला साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. बाद फेरीच्या स्पर्धेत पहिल्याच डावानंतर निम्मे लोक घरी जातात आणि लहान गटाला ते परवडत नाही. येथे जो येतो त्याला शेवटपर्यंत डाव मिळतो, आणि ज्याला डाव मिळतो तो पुढच्या रविवारी परत येतो.

निर्धास्तपणाचा भागही त्यांनी सोडला नाही. हरत आलेला डाव अर्ध्यावर टाकून निघून जाणे, घड्याळ संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवणे, आड बसून संगणकाला चाल विचारणे, या तीन गोष्टी गटात चालणार नाहीत, एवढाच नियम झाला. हरल्यावर एका शब्दाने का होईना, आभार मानावेत आणि समोरच्याची तयारी असेल तर सोंगट्यांचे रंग बदलून लगेच दुसरा डाव द्यावा, ही प्रथा अण्णांनी स्वतःच्या वागण्यातून पाडली. पुढचा प्रतिस्पर्धी शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आत्ताच समोर बसलेला माणूस. तो समाधानाने उठला पाहिजे, मग तो जिंकलेला असो वा हरलेला. गिऱ्हाईक आणि प्रतिस्पर्धी यांत येथे भेद नाही.

राहिले ते बेंगळुरूचे स्नेही. त्यांची दृष्टी मंदावली होती. पडद्याकडे दहा मिनिटांहून अधिक पाहणे त्यांना जमत नव्हते. रविवारचा डाव त्यांच्यासाठी नव्हता. त्यांच्यासाठी नातीने सर्वांत जुना मार्ग काढला. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो या शहरांच्या बुद्धिबळ मंडळांनी टपालाने चाली धाडून सामना खेळला आणि एडिंबरोने तो जिंकला. आपल्याकडेही त्याच सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात असे दोन डाव झाले. मद्रासचे गुलाम कासीम आणि जेम्स कॉक्रेन यांनी १८२९ साली ते छापून प्रसिद्ध केले. त्या टपाली बुद्धिबळाचा आजचा अवतार लीचेसवर आहे. एका चालीसाठी एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठरवता येते. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची अटच येथे नाहीशी होते.

तीन दिवसांची मुदत ठरली. स्नेह्यांचा नातू सकाळी त्यांना चाल वाचून दाखवतो. ते लाकडी पटावर ती मांडतात, हाताने चाचपून विचार करतात आणि संध्याकाळी उत्तर सांगतात. पहिला डाव साडेचार महिने चालला आणि बरोबरीत सुटला. चालीबरोबर दोन ओळींचा निरोपही येऊ लागला आहे: गुडघा कसा आहे, यंदा हळदीची आवक किती, भाव काय फुटला. पूर्वी तासाभरात होणारे बोलणे आता महिन्यांवर पसरले आहे, इतकेच.

अनेक घरांत आज एखादे वडीलधारे माणूस असे फिरणाऱ्या चक्रासमोर बसलेले असेल. त्यांना यंत्र आणून दिले की आपले काम संपले, असे मानण्याची चूक सहज होते. खरे काम त्यानंतरचे आहे. त्यांच्या शेजारी कागद घेऊन बसावे, कोणती अट जिवाची आणि कोणती केवळ सवयीची हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे, त्यांच्या झोपेला मानवेल अशी वेळ शोधावी आणि एक ठरलेला दिवस त्यांच्या हाती द्यावा. पुढचे त्यांना ठाऊक असते. ज्यांनी आयुष्यभर बाजार पाहिला, त्यांना बाजार कसा भरवावा हे शिकवावे लागत नाही. आपल्यालाही अजून एक बाजार भरवता येईल, एवढी आठवण करून द्यावी लागते.